आतून खाल्लेली नळी

वहिनीचा राग ऐकू येण्याआधी दिसायचा. डोक्याला बांधलेल्या रुमालाची मागची गाठ ती सोडायची आणि परत आवळायची. एवढं झालं की शेडमधल्या सगळ्या बायका आपापल्या ढिगात डोकं घालून भराभर हात चालवायला लागायच्या. हा राग कुणावर निघणार हे गाठ आवळून होईपर्यंत तिचं तिलाही ठाऊक नसायचं. पण एकदा निघाला की उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखा तो खालपर्यंत जाऊनच थांबायचा.

तशी ती एकाच माणसाची वहिनी. टाकाऊ प्लास्टिक तापवून त्याचं तेल काढायचा हा कारखाना, आणि त्यातली भट्टी सांभाळणारा तो तिचा धाकटा दीर. पहिल्याच दिवशी त्याने भट्टीपाशी उभं राहून ‘वहिनी, डबा विसरलीस’ अशी हाक मारली आणि ती सगळ्या कारखान्याची वहिनी झाली. मालक वयाने तिच्याहून मोठा, पण तोही वहिनीच म्हणायचा. कचऱ्याचे गठ्ठे घेऊन येणारे ड्रायव्हर वहिनी म्हणायचे. वजनकाटा तपासायला आलेला सरकारी माणूससुद्धा जाताना ‘येतो, वहिनी’ म्हणून गेला, तेव्हा ती म्हणाली, एवढे दीर सांभाळायचे तर आता मला मोठं घर बघावं लागेल.

खरा दीर मात्र तिनेच वाढवलेला. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. सासू लवकर गेली. नाडी बांधण्यापासून ते मुलगी बघायला जाताना कोणता शर्ट घालायचा इथपर्यंत सगळं वहिनीने बघितलं. नवरा विजेच्या सामानाच्या दुकानात काम करणारा, अतिशय शांत. घरातला सगळा राग बायकोने आधीच घेऊन टाकल्यामुळे त्याच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं, असं धाकटा म्हणायचा. आणि असं म्हणायची मुभा त्या घरात फक्त धाकट्याला होती.

वहिनीचं काम निवडायचं. गठ्ठा टेबलावर फुटला की आतून काहीही निघे. दुधाच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, तुटक्या खुर्च्या, बुटांचे तळ, पाइपचे तुकडे, वायरींवरची सालं. भट्टीत जायचं ते एका बाजूला, विकायचं ते दुसऱ्या, आणि भट्टीत चुकूनही जाऊ द्यायचं नाही ते तिसऱ्या बाजूला. वहिनी हे सगळं बोटांनी आणि कानांनी करायची. तुकडा दोन बोटांत धरून एकदा दुमडला, कानाशी चुरगाळला, की तिला कळायचं. जड आणि चिवट लागलं, दुमडल्यावर पांढरी रेघ उठली, की ते तिसऱ्या ढिगात. त्या ढिगाला ती ‘चोरांचा ढीग’ म्हणायची.

चोर का, ते तिला धाकट्यानेच सांगितलं होतं. नव्याने भट्टीवर लागला तेव्हा तो शिकून आलेलं सगळं जेवताना घरी सांगायचा. प्लास्टिक म्हणजे काय, तर हात धरून उभ्या असलेल्या माणसांची लांबच लांब रांग. एवढी लांब की या टोकाच्या माणसाला त्या टोकाचं तोंड कधी दिसत नाही. उघड्यावर पेटवलं तर सगळी रांग जळून काळा धूर होते. पण ड्रमच्या आत बंद करून, हवा न देता, हळूहळू तापवलं तर जळायला हवाच नसते. मग ती माणसं आधी थरथरायला लागतात, प्लास्टिक पेजेसारखं पातळ होतं. अजून तापवलं की थरथर एवढी वाढते की कुठेतरी हात सुटतात. कुठे सुटतील याला नेम नाही. मोठे तुकडे पडले तर मेण, मधले पडले तर तेल, आणि अगदी दोनतीन माणसांचे पडले तर नुसता वायू. तो वायू परत बर्नरला जोडायचा, म्हणजे भट्टी स्वतःच्याच तुकड्यांवर तापत राहते. तेलाची वाफ नळीतून जाते, नळीभोवती गार पाणी फिरतं, आणि पलीकडे टाकीत तेल ठिबकतं. तळाशी उरते ती काजळी.

वहिनीने तेव्हा विचारलं होतं की मग सगळंच का घालत नाहीत ड्रममध्ये, निवडायची भानगड कशाला.

धाकटा खूश झाला होता. त्याला हाच प्रश्न हवा होता. पाण्याच्या बाटल्या घातल्या तर तेलाऐवजी पांढरी भुकटी निघते आणि नळी तुंबवते, म्हणून त्या वेगळ्या विकायच्या. पण पाइप, वायरींची सालं, त्या जातीचं जे काही असतं, ते वाईट. त्यांच्या रांगेतल्या माणसांच्या अंगावर भाडोत्री चिकटलेले असतात. बाकीच्यांचे हात सुटायला खूप तापावं लागतं, पण हे भाडोत्री निम्म्या वाटेतच पळ काढतात. आणि पळताना आम्ल होऊन पळतात. नळी गार होते तिथे, ओल मिळाली की लोखंड खातात. बाहेर फटीतून निघाले तर माणसाची छाती खातात.

“म्हणजे चोर,” वहिनी म्हणाली होती.

“चोर परवडला. चोर घर तरी जागेवर ठेवतो.”

कारखाना सुरू झाला तेव्हा प्रत्येक टेबलावर एक छोटा गॅसचा दिवा आणि लाकडी मुठीची तांब्याची तार होती. तुकड्याची शंका आली तर तार तापवायची, तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत पिवळी राहिली तर ठीक. हिरवी झाली तर चोर. यंत्रं बसवून गेलेल्या साहेबांनी तसं बजावून सांगितलं होतं. पण एकेका तुकड्याला वेळ लागायचा, आणि वहिनीला तोपर्यंत हाताने कळायला लागलं होतं. ती तार बाजूला ठेवून काम करायला लागली. तिचा ढीग दुप्पट वेगाने वाढायचा. मालक येऊन उभा राहायचा, बघायचा, आणि इतर बायकांना म्हणायचा, बघा. एक दिवस वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली की ज्यांना हात आहेत त्यांना तार कशाला. दुसऱ्याच दिवशी मालकाने दिवे उचलले. कारण दिलं आगीच्या भीतीचं. ज्या कारखान्यात दिवसभर तेलाची वाफ उकळते तिथे मालकाला भीती वाटली ती टेबलावरच्या वातीएवढ्या ज्योतीची. तेव्हा वहिनीला हे सुचलं नाही. तिला तो स्वतःचा मान वाटला.

एका बाईने मात्र आपला दिवा आणि तार टेबलाखालच्या खोक्यात ठेवून दिली. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. कामाला बरी, पण हळू. पुढे बाजारात नव्या बाटल्या आल्या, अंगाला घट्ट बसणारं चकचकीत रंगीत आवरण घातलेल्या. बाटली विकायची तर आवरण सोलायला हवं, आणि सोललेलं आवरण कुठे टाकायचं असा प्रश्न शेडमध्ये आला. वहिनीने एक आवरण कानाशी चुरगाळलं. पातळ, खळखळणारं, पांढरी रेघ नाही. पिशव्यांच्या ढिगात टाका, म्हणाली. चष्मेवालीने हळूच विचारलं की एकदा तार लावून बघू का.

“डोळ्यांना लागतो तो चष्मा ठीक आहे,” वहिनी म्हणाली. “आता हातांनाही हवा का?”

शेड कितीतरी दिवस त्यावर हसत होती. चष्मेवालीही हसली होती, कारण न हसून जाणार कुठे.

त्यानंतर, किती दिवसांनी कोण जाणे, धाकट्याला खोकला लागला. कोरडा, खरवडल्यासारखा. त्याची बायको म्हणाली हवा बदलली असेल. वहिनीने आधी तिलाच फैलावर घेतलं. नवरा खोकतो आणि तू हवेचं काय सांगतेस, रात्री पाणी गरम करून देतेस का. मग धाकट्याला. तो चोरून विड्या ओढतो असा तिने आरोप केला, त्याच्या खिशात हात घातला, आणि खिशात खडीसाखर निघाली तेव्हा खडीसाखरेवरून बोलली. मग कारखान्यात जाऊन भट्टीभोवती फिरली आणि झाकणाच्या कडेच्या पट्ट्या नीट बसत नाहीत म्हणून मेकॅनिकचा पाणउतारा केला. तो बिचारा म्हणाला की पट्ट्या मी कालच बदलल्या. मग काल बदलल्या म्हणून बोलली, परवा का नाही.

सगळ्यांवर आग पाखडून झाली. एका जागी मात्र तिची नजर गेली नाही. स्वतःच्या टेबलाकडे.

नळी फुटली ती सकाळी, भट्टी ऐन तापलेली असताना. नळी जिथे गार पाण्याच्या डब्यात शिरते तिथेच चिरली आणि तेलाची वाफ फवाऱ्यासारखी बाहेर आली. धाकट्याने आधी बर्नर बंद केला, मग वायूची कळ फिरवली. त्या कळीशी जायला फवाऱ्यातूनच हात न्यावा लागत होता. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली. ज्योत बंद झाली नसती आणि वाफ तिच्यापर्यंत पोचली असती तर शेडमध्ये कुणी उरलं नसतं. हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुणी बोललं नाही.

मालक बोलला. दवाखान्यातून हाताला पट्टी बांधून धाकटा परत आला तेव्हा मालक त्याची वाटच बघत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. लवकर उरकून घरी जायचं म्हणून आच वाढवली, नळीला ती सोसली नाही, नळी जळली. असा माणूस भट्टीवर नको. उद्या नळी बदलायला वेल्डर येईल, आणि भट्टीवर दुसरा माणूस येईल, सांगून ठेवलाय. धाकटा एवढंच म्हणाला की मी आच वाढवली नाही. मालक म्हणाला, मग नळी काय आपणहून फुटली?

त्या संध्याकाळी घरात चूल धडधडत होती आणि वहिनीही. मालकाला तिने अशा काही शिव्या दिल्या की नवऱ्याने उठून खिडकी लावून घेतली. धाकटा भिंतीला टेकून बसला होता. भट्टीशिवाय त्याला दुसरं काम येत नव्हतं. आच वाढवून नळी फोडणारा असा शिक्का एकदा बसला की दुसरा कुठलाही कारखाना त्याला दारात उभं करणार नव्हता. खोकत खोकत तो म्हणाला, उद्या वेल्डर नळी कापेल तेव्हा दिसेल सगळ्यांना. वहिनी म्हणाली, दिसेलच. मी येते, आणि मालकाच्या तोंडावर ती नळी फेकते.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या अंगणात सगळे गोळा झाले. वेल्डरने चिरलेला भाग कापून जमिनीवर ठेवला आणि उभा फोडला. म्हातारा होता, कुणाच्या बाजूचा नव्हता, त्याला दुपारपर्यंत आणखी एका ठिकाणी पोचायचं होतं. त्याने नळीच्या आतून बोट फिरवलं. बोटाला तांबूस खपली आली. नळीची भिंत बाहेरून जाड आणि आतून जागोजागी खड्डे पडून कागदासारखी झालेली.

“ही जळालेली नाही, मालक. खाल्लेली आहे, आतून.”

वहिनीने रुमालाची गाठ सोडली. तिला वाटलं, आता. आता या माणसाला सोडायचा नाही. पण तिने गाठ आवळायच्या आत मालक तिच्याकडे वळला, आणि तो चिडलेला नव्हता. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता.

तो म्हणाला की आत जातं ते वहिनींच्या हाताखालून जातं. सगळी निवड त्यांच्या देखरेखीत होते. आता इथल्या एकाही माणसाने छातीवर हात ठेवून सांगावं की वहिनींच्या हातून त्या जातीचा तुकडा सुटला. तारही लागत नाही त्यांना. आहे का कुणी असं म्हणणारं? मग नळी खाल्ली कशाने? आच नीट ठेवली नाही, वाफ अर्धवट झाली, आत काय काय साचलं असेल देव जाणे. “तुम्हीच सांगा, वहिनी. तुमचा हात चुकतो का?”

एवढं कौतुक त्याने तिचं आजवर एका दमात कधी केलं नव्हतं. सगळा कारखाना ऐकत होता. ते कौतुक म्हणजे धाकट्याच्या गळ्यात अडकवायचा फास आहे हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि तरीसुद्धा, याचीच तिला नंतर सगळ्यात जास्त चीड आली, तरीसुद्धा तिला बरं वाटलं. एक क्षणभर. नाही चुकत, असं तोंडावर आलं होतं.

तेवढ्यात धाकटाच बोलला. बुटांकडे बघत, पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून.

“वहिनीच्या हातून नाही सुटणार.”

तिची तळपायाची आग मस्तकात गेली. मालकावर नाही, त्या मूर्खावर. नोकरी जायला निघाली, छातीत खरवडतंय, हाताची साल निघाली, आणि हा तिच्या हाताची साक्ष देतोय. तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. ती वळली आणि भट्टीत जायला तयार असलेल्या ढिगाकडे चालायला लागली. जाता जाता तिने चष्मेवालीला सांगितलं, तुझ्या खोक्यातली तार आण. चष्मेवाली गांगरली. खोक्याचं कुणाला माहीत नाही असं ती समजत होती.

दिवा पेटला. वहिनीने ढिगात हात खुपसून पिशवीचा तुकडा काढला. तार तापवली, टेकवली, ज्योतीत धरली. पिवळी. दुसरा तुकडा, बाटलीचं झाकण. पिवळी. तिसरा तुकडा, पिवळी. मालक हसला आणि वेल्डरला म्हणाला, बघितलंत? वेल्डर हातातलं घड्याळ बघत होता.

मग तिच्या हाताला एक आवरण लागलं. चकचकीत, लाल, वर फळाचं चित्र. ते तिने नेहमीसारखं चुरगाळलं. खळखळलं. हात सांगत होता की पिशवीच आहे. तार टेकवली तेव्हा वास तिखट आला, आणि ज्योतीत धरली तेव्हा ज्योत हिरवी झाली. कोवळ्या पानासारखी, बघायला सुंदर हिरवी.

तिने दुसरं आवरण काढलं. हिरवी. निळं काढलं, पांढरं काढलं. हिरवी, हिरवी. मग चष्मेवालीने तिच्या हातातून तार हळूच काढून घेतली आणि स्वतः लावत राहिली. ढिगात आवरणं किती होती याला मोजमाप नव्हतं. प्रत्येक टेबलावर प्रत्येक बाईने वहिनीच्या शब्दाबरहुकूम सोलून तिथेच टाकली होती. चुकून सुटलेला तुकडा नव्हता तो. सुटलेला तुकडा निदान एकटा असतो.

“आवरणं मी टाकायला सांगितली,” वहिनी म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून तिने परत मोठ्याने सांगितलं. “मीच. ही तपासू का म्हणत होती, मी हिला हसले.”

मालक पटकन पुढे आला. त्याचं डोकं अशा वेळी वेगाने चालायचं. तो म्हणाला, होतं असं, माणूस आहे. आता एवढं मनावर घेऊ नका. नळी जुनी होती असं समजू. धाकट्याला भट्टीवर राहू दे, मी काही बोलत नाही. नळी बसली की दुपारी हाच ढीग चढवू, तेलाची गाडी यायची आहे. आवरणं पुढच्या वेळेपासून वेगळी काढा म्हणजे झालं. आणि ती तार ठेवून द्या, तार लावत बसलो तर वर्षभर निवडतच बसू.

धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला आणि त्या श्वासाबरोबरच त्याला ढास लागली. खोकून झाल्यावर तो म्हणाला, “वहिनी, पुरे आता. ठेवतायत ना मला.”

“हा ढीग भट्टीत जाणार नाही,” वहिनी म्हणाली.

मालकाने विचारलं की हे सांगणाऱ्या तुम्ही कोण? चूक तुमची.

“माझीच. म्हणून तर सांगतेय. दुसऱ्याची असती तर त्याच्या तोंडावर फेकून कधीच घरी गेले असते.”

मग ती सुटली. पण नेहमीची हातगाडी नव्हती ती. या वेळी तिला ठाऊक होतं कुठे जायचं. तिने मालकाला विचारलं की दिवे कुणी उचलले. मी मोठ्या तोंडाने बोलले खरी, पण माझं तोंड म्हणजे काय सरकारी हुकूम होता का? माझ्या मोठेपणाने तुमचं काम लवकर होत होतं, म्हणून तुम्ही तो मोठेपणा रोज तेल घालून पेटता ठेवलात. आणि आज तोच या पोरावर लोटायला निघालात. नळी बदलायला वेल्डर मिळतो. याची छाती बदलायला कोण येणार आहे, सांगा. सांगून ठेवलाय का कुणाला?

मालक लाल झाला. त्याने बायकांकडे बघून कामाला लागा म्हटलं. कुणी हललं नाही. हे काही शौर्य नव्हतं. मालक रागावला तर कामावरून काढेल, पण वहिनी रागावली तर रोज दिसेल, असा तो हिशेब. चष्मेवाली मात्र हलली. ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली, दिवा समोर ठेवला आणि ढिगातलं पहिलं आवरण उचललं. शेजारणीने गुपचूप तिच्यापुढे आणखी आवरणं सरकवली.

शेवटी मालकानेच तोडगा काढला, आणि तो काढताना त्याने वहिनीकडे बघितलं नाही. हा ढीग परत निवडा. दिवे मागवतो. पण टेबलावर वहिनी नकोत. ज्यांच्या हाताने कारखाना पेटायला आला त्यांनी बाहेर धुण्याच्या हौदावर बसायचं आणि बाटल्या सोलायच्या. शेडचं काम चष्मेवाली बघेल. पटत असेल तर ठीक, नाहीतर दार उघडं आहे.

ती हौदावर गेली. हौदाचं पाणी गार, पाठीवर ऊन, आणि बोटांच्या पेरांना आवरणांच्या कडा कापत होत्या. दुपारनंतर चष्मेवाली दारात येऊन उभी राहिली आणि चाचरत म्हणाली की वहिनी, या बाटल्यांच्या गळ्याशी आवरणाची कड राहतेय, जरा नीट सोलाल का. वहिनीच्या मनात काय काय आलं ते तिचं तिला ठाऊक. ती म्हणाली, सोलते. आणि चष्मेवाली गेल्यावर तिने एक बाटली एवढ्या जोरात हौदात आपटली की पाणी तिच्याच तोंडावर उडालं.

संध्याकाळी दोघं नेहमीच्या रस्त्याने घरी निघाली. पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी धाकटा थांबला आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. एवढ्या लोकांसमोर मला पोर म्हणालीस. मी तिथे हात भाजून घेऊन भट्टी बंद केली, आणि उद्यापासून सगळे म्हणणार वहिनीने वाचवला. मालक ठेवत होता तेव्हा गप्प बसता आलं नसतं का? आता तो माझ्यावर डूख धरून राहील. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवायची विसरून ऐकत राहिला.

वहिनीने ऐकून घेतलं. गाठीकडे हात गेला होता तो तिने खाली घेतला.

“आणि तू का म्हणालास माझ्या हातून सुटणार नाही?”

“कारण मला तसंच वाटत होतं,” तो म्हणाला, अजून रागातच. “तुझा हात चुकला याचं मला काही नाही. त्या बाईला हसलीस त्याचं आहे. ती विचारत होती तेव्हा ऐकलं असतंस तर...” पुढचं खोकल्यात गेलं. त्याला एका हाताने दुकानाची चौकट धरावी लागली.

खोकला थांबेपर्यंत ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हाताखाली बरगड्या लागत होत्या, आणि आत काहीतरी खरखरत होतं. तिचा सगळ्या जगावरचा राग होता तिथेच होता. मालकावर, त्या चकचकीत आवरणावर, ते आवरण बाटलीला घालायची अक्कल ज्याला सुचली त्याच्यावर, आणि स्वतःवर. तो कमी झाला नाही. फक्त आता त्यातला कुठला भाग कुणाचा, हे तिला वेगळं काढता येत होतं.

“उद्या सकाळी छातीच्या डॉक्टरकडे,” ती म्हणाली. “मी येतेय बरोबर. आणि भट्टीत काय काय जात होतं ते त्याला मी सांगणार, तू नाही. तू खोकला झाकतोस.”

धाकटा म्हणाला की उद्या नळीची चाचणी आहे, भट्टीशी मी लागणार.

“चाचणी आपण आल्यावर.”

“मालक चिडेल.”

“चिडू दे,” वहिनी म्हणाली आणि त्याच्या हातातला डबा काढून घेऊन पुढे चालायला लागली.